टाईमप्लीज म्हणजे बट्टी नव्हे

१० मे २०२५ च्या संध्याकाळी, भारत-पाकिस्तान लढाईच्या चौथ्या दिवशी, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री कॅमेऱ्यासमोर आले आणि मोजक्या वाक्यांत सांगून निघून गेले. पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आपल्या डीजीएमओंना फोन केला, संध्याकाळी पाचपासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं, १२ तारखेला दोघे पुन्हा बोलणार. संपलं. त्या निवेदनात 'शांतता' नव्हती, 'तह' नव्हता, 'समेट'ही नव्हता. आमच्या घरी लावलेल्या मराठी वाहिनीवर मात्र खालच्या पट्टीतून दहा मिनिटांत तीन शब्द सरकले: युद्धविराम, शस्त्रसंधी, युद्धबंदी. जेवणं होईपर्यंत चौथा आला, आणि तो आला तो थेट म्हणीच्या पाठीवर बसून. 'युद्धात जिंकलो, तहात हरलो.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य त्या रात्री मी सात वेळा वाचलं. त्याच ग्रुपवर दुसरा गट हात जोडलेल्या चिन्हांसह 'अखेर शांतता' असा उसासा टाकत होता. रात्री पुन्हा ड्रोन दिसू लागले तेव्हा दोन्ही गट फसवले गेल्यासारखे चिडले.

ते फसले होते खरे, पण स्वतःच्याच शब्दांनी. लढाई थांबवणं ही लढाई आणि शांतता यांच्यामधली तिसरी गोष्ट आहे. तिचे नियम वेगळे, तिचा हिशेबही वेगळा. आपण मात्र तिला एकदा शांततेच्या तागडीत टाकतो आणि हलकी भरली म्हणून कुरकुरतो, एकदा पराभवाच्या तागडीत टाकतो आणि जड भरली म्हणून छाती पिटतो. माझं म्हणणं असं, की या तिसऱ्या गोष्टीला समाजात अब्रू असायला हवी. ज्यांच्याकडे मान खाली न घालता 'थांबू या' म्हणायची सोय नसते, ते काही जास्त शूर नसतात. त्यांच्याकडे एक हत्यार कमी असतं, इतकंच.

मराठीत ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ समजते ती दहा वर्षांखालच्या मंडळींना. डबा ऐसपैस किंवा पकडापकडी रंगात आलेली असते, कुणाच्या चपलेचा अंगठा निघतो, कुणाला ढोपरावर रक्त दिसतं. तो मूठ तोंडाशी नेतो आणि ओरडतो, 'टाईमप्लीज!' आमच्याकडे त्याचा उच्चार 'टॅम्प्लीस' असा होता आणि हे दोन इंग्रजी शब्द आहेत हे मला पाचवीत गेल्यावर कळलं. त्या क्षणी राज्य बदलत नाही. ज्याच्यावर राज्य होतं त्याच्यावरच राहतं, आउट झालेला आउटच राहतो, आणि टाईमप्लीजवाल्याला शिवलं तर ते धरत नाहीत. उलट, हात पाठीला टेकता टेकता टाईमप्लीज म्हटलं तर तेही धरत नाहीत. 'रडीचा डाव खडी' सुरू होतो. टाईमप्लीज घेऊन चार पावलं पुढे सरकणं ही तर चोरीच. आणि याच मुलांकडे मैत्रीसाठी अगदी वेगळा शब्द आहे: बट्टी. कट्टी मोडली की बट्टी. टाईमप्लीज घेतलेल्या पोराकडे जाऊन 'चला, तुमची बट्टी झाली' असं कुणी म्हणालं, तर सगळी पोरं त्याच्याकडे वेड्यासारखं बघतील. रात्री नऊच्या चर्चेत बसणाऱ्या माणसांना हा फरक समजू नये?

आता मोठ्यांचे शब्द बघू. 'युद्धविराम' आला की स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम हा विनोद होतोच. तो त्या आठवड्यात सगळ्यांनी करून झाला, मी सोडून देते. 'युद्धबंदी'ची अडचण अशी की हिंदीत तोच शब्द युद्धकैद्याला लावतात, आणि मराठीत 'बंदी' म्हटलं की कायमचं काहीतरी वाटतं. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली, त्यामुळे बंदीचा कायमपणा किती याची आपल्याला कल्पना आहे, ते सोडा. मला सगळ्यात आवडतो तो 'शस्त्रसंधी', आणि तोच सगळ्यात जास्त गैरसमज करतो. आजच्या मराठी कानाला संधी म्हणजे चान्स. मूळ अर्थ कौटिल्यानं दोन शब्दांत बांधून ठेवला आहे: पणबंधः संधिः. पण म्हणजे अट. अटींनी बांधलेलं ते संधी. त्यात प्रेम नाही, विश्वास नाही, क्षमा नाही, अट आहे. त्याच्या षाड्गुण्यात, म्हणजे राजाच्या सहा धोरणांत, संधी आणि विग्रह (लढाई) यांच्या शेजारी 'आसन' म्हणजे नुसतं बसून राहणं हाही स्वतंत्र गुण आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा राजकारणाचे खण दोनच नव्हते, सहा होते. आणि याच कौटिल्यानं, ज्याचं नाव हल्ली फक्त डरकाळी फोडण्यासाठी घेतलं जातं, पुढे लिहिलं आहे की संधी आणि विग्रह यांतून सारखीच वाढ होणार असेल तर संधी करावी, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय असतात. माणसं जातात, पैसा जातो, घरापासून लांब राहावं लागतं, विघ्नं येतात. हे कुणा शांततावाद्याचं भाषण नव्हे, हिशेबनीसाचं टिपण आहे.

रोजच्या मराठीतला खरा शब्द मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळाच आहे: 'स्थगित'. महाराष्ट्रात उपोषण 'मागे' घेतलं जात नाही, 'स्थगित' होतं. संप स्थगित होतो, मोर्चा स्थगित होतो. पुढारी सरबत घेतो आणि तोंड पुसता पुसता सांगतो, आंदोलन स्थगित केलंय, संपवलेलं नाही. आपण हसतो, पण ही भाषा उगाच घडलेली नाही. मागणी जिवंत ठेवून माणसाला घरी जाता यावं, म्हणून ती घडली. १२ मेच्या रात्री पंतप्रधानांनीही आपण जवाबी कारवाई फक्त स्थगित केली आहे, असं म्हटलं तेव्हा तो शब्द आझाद मैदानावर वर्षानुवर्षं बसलेल्यांच्या ओळखीचा होता.

तरीही 'तहात हरलो'वाल्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यात वजन आहे. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली होती. अशा वेळी चार दिवसांत थांबलो, आणि थांबल्याची बातमी आपल्या सरकारच्या आधी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगाला दिली, याचा सल कुणालाही लागेल. मलाही लागला. दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक टोकदार आहे: थांबण्याचा फायदा नेहमी लबाडालाच होतो. तो दम घेतो, दारूगोळा भरतो, पुन्हा येतो. मुंबईकराला तर हे शिकवायलाच नको. २६ नोव्हेंबर २००३ ला नियंत्रण रेषेवर बंदुका थांबल्या आणि बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, समुद्रातून माणसं आली. तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: विराम अन्याय गोठवतो. ज्याच्या पायाखाली त्या क्षणी जमीन असेल, ती त्याचीच होऊन बसते.

पहिल्यापासून सुरुवात करू, म्हणजे तहापासून. ती म्हण ज्या प्रसंगी सगळ्यात जास्त वापरली गेली तो प्रसंग म्हणजे १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतरचा ताश्कंदचा करार. हाजी पीर खिंड आपल्या जवानांनी ऑगस्ट १९६५ मध्ये जिंकली आणि ती परत द्यावी लागली, हे मराठी घरांत आजही दुखरं आहे. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि तेही ताश्कंदला गेले होते. पण तारखा पाहा. बंदुका थांबल्या २३ सप्टेंबर १९६५ ला. ताश्कंदचा करार झाला १० जानेवारी १९६६ ला. मधले साडेतीन महिने हाजी पीर आपल्याकडेच होती. गेली असेल तर ती तहाच्या टेबलावर गेली, विरामात गेली नाही. म्हणजे ही म्हण विरामाविरुद्ध पुरावा म्हणून आणताच येत नाही. उलट, विराम आणि तह या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हेच ती सांगते. थांबताना काही द्यावं लागतं असा नियम नाही. देणं-घेणं पुढच्या टेबलावर होतं, आणि तिथे जागं राहावं लागतं. बरं, थांबतो तो हरलेलाच असतो म्हणावं, तर १७ डिसेंबर १९७१ चं काय करायचं? आदल्या दिवशी ढाक्याला शरणागती झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून पश्चिम आघाडीवर भारतानं एकतर्फी युद्धविराम लागू केला. त्या दिवशी कुणी म्हणालं, आपण हरलो म्हणून?

आणि तहाचंच बोलायचं, तर पुरंदर कुठे ठेवायचा? जून १६६५. मुरारबाजी पडलेले, मिर्झाराजांची फौज पुरंदराला भिडलेली, मुलूख जळतोय. महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले आणि ३५ पैकी २३ किल्ले देऊन आले. बारा राहिले. आजच्या कुठल्याही चर्चेच्या फडात हा कागद नाव झाकून ठेवला, तर पहिल्या पाच मिनिटांत त्यावर 'लाजिरवाणी शरणागती' असा शिक्का बसेल. नाव दिसलं की मात्र आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. आणि ती होतीच! पण ती मुत्सद्देगिरी ठरली ती १६७० मध्ये, सिंहगडापासून किल्ले एकामागून एक परत आले तेव्हा. मधल्या पाच वर्षांत काय केलं, यावर पुरंदरची किंमत ठरली. म्हणून १० मेच्या रात्रीच निकाल लावणारे दोन्ही पक्ष मला सारखेच घाईचे वाटतात. सालबाईच्या तहानं, १७८२ मध्ये, महादजी शिंद्यांनी मराठी दौलतीला इंग्रजांपासून वीस वर्षांची उसंत मिळवून दिली. ती उसंत आपसातल्या भांडणांत घालवली, हा दोष सालबाईचा नव्हे. १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानं तैनाती फौज पदरात घेतली, तो मात्र विराम नव्हताच. ते घराची किल्ली देणं होतं. या तिन्ही कागदांना आपण एकच शब्द लावतो, 'तह', आणि मग त्या एका शब्दानं सगळ्यांना झोडतो.

लबाड दम घेतो, हेही खरं. पण दम घ्यायला दोघांनाही मिळतो. २००३ च्या विरामाआधी नियंत्रण रेषेवर कुंपण घालण्याचं काम समोरून होणाऱ्या गोळीबारात अडकून पडत होतं. बंदुका थांबल्यावर वर्षभरात, २००४ मध्ये, ते पुरं झालं. २००८ ला माणसं समुद्रातून आली याचा धडा किनाऱ्याच्या पहाऱ्याबद्दल आहे; पूंछ-राजौरीत बंदुका वाजत राहिल्या असत्या तर कुलाब्याला बोट लागली नसती, असं कुणी म्हणेल का? आणि जे तिथे राहतात त्यांना विचारावं. २०२० मध्ये विरामभंगाच्या पाच हजारांहून जास्त घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंचं एक छोटं संयुक्त निवेदन आलं आणि बंदुका जवळजवळ गप्प झाल्या. कुणाचं मन बदललं नव्हतं, कुठलाही प्रश्न सुटला नव्हता. फक्त कुंपणालगतच्या शेतात मका पेरायला माणसं जाऊ लागली. मे २०२५ मध्ये पूंछ शहरावर तोफगोळे पडून डझनाहून जास्त नागरिक गेले तेव्हा त्या चार वर्षांच्या मक्याची किंमत कळली. मुंबई-पुण्यात बसून 'अजून चार दिवस हवे होते' म्हणणं सोपं असतं. ते चार दिवस कोणाच्या छपरावर पडणार होते?

राहिला तिसरा आक्षेप, गोठलेल्या अन्यायाचा. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि असल्याचं सोंग मी आणणार नाही. १ जानेवारी १९४९ ला काश्मीरमध्ये बंदुका थांबल्या आणि जी रेषा उरली तिला 'युद्धविराम रेषा' असंच नाव पडलं. अजून चार पावलं का नाही गेलो, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्या हिवाळ्यात पुरवठ्याची वाट किती लांब आणि बिकट होती हे दाखवून त्याला थोडं उत्तर देता येतं, पूर्ण नाही. पण इथे शब्दाचीच एक गोष्ट सांगते. १९७२ च्या सिमला करारानंतर भारतानं आग्रहानं त्या रेषेचं नाव बदललं. 'युद्धविराम रेषा' जाऊन 'नियंत्रण रेषा' आली. का? तर विराम म्हटलं की त्यावर देखरेख करणारे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आले, तिसरा आला. नाव बदलल्यावर भारतानं म्हणायला सुरुवात केली, आता हा दोघांतला मामला आहे, निरीक्षकांचं काम संपलं. एका विशेषणावर परराष्ट्र खात्यानं पन्नास वर्षांची भूमिका उभी केली. आणि २०२५ मध्ये मिस्रींनी 'सीझफायर' हा शब्द टाळून 'गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवणं' अशी लांबलचक शब्दरचना का वापरली, हे आपल्या वाहिन्यांना दहा मिनिटंही विचारावंसं वाटलं नाही.

गोठलेल्या विरामाचं टोक बघायचं तर कोरिया. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोममध्ये दोन सेनाधिकारी समोरासमोर बसले, प्रतींवर सह्या केल्या आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता उठून गेले. दक्षिण कोरियानं तर सहीच केली नाही. शांतता करार आजतागायत झालेला नाही. फाटलेली कुटुंबं एकमेकांना न भेटता मरत गेली, हे भयंकर आहे. पण त्या थांबण्याला एक मराठी माणूसही हातभार लावत होता, हे आपल्या शाळांत कुणी सांगत नाही. घरी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी होते. त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांना बंदरावरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट मधल्या पट्ट्यात नेलं गेलं. दोन्ही बाजूंचा संशय अंगावर घेत, गोळी न झाडता दिवस काढायचे, हे ते काम. त्याला शौर्य म्हणायला आपल्याकडे शब्द नाही, म्हणून त्याच्यावर पोवाडाही नाही.

आणि थांबायचा शब्दच सापडला नाही तर काय होतं, त्यासाठी कोरियाला जायची गरज नाही. परळला गेलं तरी चालेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणीमालकांना जमिनी दिसत होत्या आणि काहींना गिरण्या बंद पडलेल्या हव्याच होत्या, हे मला मान्य. नुसत्या एका शब्दानं गिरणगाव वाचलं असतं, इतकी मी भोळी नाही. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं धंद्यात एकाच संघटनेला बोलणी करायचा अधिकार दिला होता, आणि ती संपाचे पुढारी दत्ता सामंत यांची नव्हती. म्हणजे ज्याच्यामागे कामगार होते त्याला टेबलावर जागा नव्हती, आणि ज्याला टेबलावर जागा होती त्याच्यामागे कामगार नव्हते. मग टाईमप्लीज कुणी म्हणायचं आणि कुणी धरायचं? सरकार म्हणालं, आधी संप मागे घ्या. कामगार म्हणाले, आधी मागण्या. 'स्थगित' हा शब्द, जो पुढे महाराष्ट्रात इतका स्वस्त झाला, तो तेव्हा कुणाच्या तोंडी आला असता तर फितुरी ठरला असता. एकेक जण गुपचूप गावाकडे गेला, एकेक जण मान खाली घालून गेटवर गेला. थांबणं झालंच, पण एकेकट्याचं आणि लाजेचं.

आमच्या माहेरच्या घरात, रत्नागिरीच्या बाजूला, दोन काकांचा वाटणीचा दावा एकोणीस वर्षं चालू आहे. कोर्टाचा 'जैसे थे' आदेश आहे. त्यामुळे माजघराच्या मधल्या दाराला अण्णाकाकांचं कुलूप आहे, आणि विहिरीचा पंप बाळकाकांकडे. 'जैसे थे' नेहमी कब्जेदाराच्या बाजूचा असतो, हे बाळकाका मला दर खेपेला ऐकवतात, आणि ते खोटं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी अण्णाकाका येऊन ते कुलूप काढतात. किल्ली देव्हाऱ्यात ठेवतात, बाळकाकांच्या हातात नाही. पाच दिवस एकच पंगत बसते. दोघे बोलत नाहीत. 'त्यांना विचार, आणखी भात हवा का,' असं मला सांगतात, आणि 'ते' दीड हातावर बसलेले असतात. मुंबईहून आलेल्या एका जावईबापूंना दोन वर्षांपूर्वी हे बघून भरून आलं. आरतीनंतर ते म्हणाले, आता मिटवूनच टाका की. दोन्ही काकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की गेल्या एकोणीस वर्षांत त्यांचं एवढं एकमत मी पाहिलेलं नाही. विसर्जन करून आलो, अण्णाकाकांनी देव्हाऱ्यातली किल्ली घेतली, दार लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं. बाळकाकांनी पलीकडून पंप सुरू केला. पुढची तारीख दिवाळीनंतरची होती.